सीवेज, सीवरेज, सलेज, स्लज आणि आपलं एकच ड्रेनेज

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सीवेज ट्रीटमेंट प्लँटचं, मैलापाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचं काम काढलं तेव्हा कोटेशन मागवायचा मेल मीच टाइप केला होता, सेक्रेटरी म्हटल्यावर लिहायपुसायचं सगळं आपल्याच गळ्यात. विषयाच्या ओळीत मी मोठ्या ऐटीत 'सीवरेज रिपेअर अँड अपग्रेडेशन' असं लिहिलं आणि तीन जणांना पाठवून दिलं. दोघांना फोनवर आधी बोललो होतो त्यामुळे त्यांची कोटेशन नीट आली, तिसऱ्याने मात्र खोदाई, दोनशे एमएमचे स्टोनवेअर पाइप, अकरा नवीन चेंबर, त्यावर झाकणं, वर रस्ता पूर्ववत करून देणे असा सगळा हिशोब लावून पाठवला आणि प्लँटचं त्यात नावसुद्धा नाही. मी कमिटीच्या ग्रुपवर लिहिलं की हा माणूस न वाचताच कोटेशन देतो, ह्याला बाद करा. तर बी विंगमधले एक काका, आयुष्यभर नगरपालिकेच्या पाणी आणि ड्रेनेजच्या कामात घालवलेले, ते संध्याकाळी खाली भेटले आणि हसत म्हणाले, "अरे त्यानेच नीट वाचलंय. तू पत्र पाइपाचं पाठवलंस, त्याने भाव पाइपाचा दिला."

मला तोपर्यंत खरंच वाटायचं की सीवेज आणि सीवरेज म्हणजे एकच, कुणी लांबवून म्हणतं कुणी आखडून. आमच्या एका मेंबरने तर मीटिंगमध्ये सुएझ ट्रीटमेंट प्लँट म्हटलं होतं, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. गंमत म्हणजे तो उच्चाराच्या बाबतीत आमच्यापेक्षा जवळ होता, कारण इंग्रजीत ह्याचा उच्चार सीवेज असा नाहीच, सूइज असा काहीतरी आहे. आपण स्पेलिंग बघून सीवेज, सिव्हेज म्हणतो, आता तेच रुळलंय, मीही इथे तेच लिहितोय.

तर मुद्दा असा. सीवेज म्हणजे माल. सीवरेज म्हणजे तो माल वाहून नेणारी सगळी व्यवस्था, म्हणजे पाइप, चेंबर, पंपिंग स्टेशन, सगळं जाळं. लक्षात ठेवायची काकांची युक्ती सोपी आहे, सीवरेज ह्या शब्दात 'सीवर' पूर्ण बसलेला आहे, सीवर म्हणजे जमिनीखालचा घाणीचा पाइप, म्हणजे ज्या शब्दात पाइप दिसतो तो पाइपाचा शब्द. सीवेजमध्ये पाइप नाही, नुसतं वाहणारं आहे. साधं बोलताना इंग्रजीवालेसुद्धा ह्यात गल्लत करतात, आणि सीवरेजचा एक अर्थ सीवेज असाही काही डिक्शनऱ्यांमध्ये दिलेला सापडतो, त्यामुळे गप्पांमध्ये चुकलं तर आभाळ कोसळत नाही. टेंडरमध्ये, करारात, बिलात चुकलं की मग आमच्यासारखी अकरा चेंबर येतात.

सरकारी कागदात हा फरक बऱ्यापैकी पाळलेला दिसतो. केंद्र सरकारचं ह्या विषयातलं जे जाडजूड मॅन्युअल आहे, देशभरचे इंजिनिअर जे वापरतात, त्याचं नावच 'मॅन्युअल ऑन सीवरेज अँड सीवेज ट्रीटमेंट सिस्टिम्स' असं आहे, दोन्ही शब्द एका नावात, कारण पाइप टाकणं हे एक शास्त्र आणि आत जे येतं त्याच्यावर प्रक्रिया करणं हे दुसरं. मुंबई महापालिकेत पाइप आणि पंप चालवणारं खातं सीवरेज ऑपरेशन्स, आणि आलेल्या मालाची विल्हेवाट लावायचा जो मोठा प्रकल्प आहे तो मुंबई सीवेज डिस्पोजल प्रोजेक्ट. आपल्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं जुनं इंग्रजी नाव वॉटर सप्लाय अँड सीवरेज बोर्ड होतं, गोव्यातही सरकारी कॉर्पोरेशनच्या नावात सीवरेजच आहे. सीवेज बोर्ड असं कुणी नाव ठेवलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता ते तुम्हीच बघा.

आता हा सीवेज नावाचा माल नक्की काय असतो. नाव काढलं की डोळ्यासमोर जे येतं ते त्यात फार थोडं असतं. शंभर भागातले जवळजवळ ९९.९ भाग नुसतं पाणी असतं, उरलेल्या ०.१ मध्ये सगळं, म्हणजे मैला, लघवी, साबण, तेल, खरकटं, केस, माती, कागद. इतक्या थोड्याशा गोष्टीने एवढं पाणी नासतं, आणि म्हणूनच प्रक्रिया करायचं डोकेदुखीचं काम असतं, कारण काढायचं थोडं असतं पण ते प्रचंड पाण्यात विरघळलेलं आणि विखुरलेलं असतं. किती पाणी? तर हिशोब असा करतात की शहरात माणशी १३५ लिटर पाणी रोज धरायचं आणि त्यातलं ८० टक्के घाण होऊन परत येतं असं मानायचं, म्हणजे माणशी १०८ लिटर. आमच्या ९६ फ्लॅटमध्ये घरटी चार माणसं धरली तर ३८४ माणसं, गुणिले १०८, म्हणजे रोजचे एक्केचाळीस हजार लिटर. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ५० केएलडीचा प्लँट लिहिलेला होता, हा केएलडी म्हणजे दिवसाला हजार लिटर, म्हणजे पन्नास हजाराचा प्लँट, आकडा बरोबर होता हे मला सेक्रेटरी झाल्यावर दोन वर्षांनी कळलं.

शब्द कुठून आला ते पण मजेशीर आहे. सीवर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मुळात लॅटिनचे 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'अक्वा' म्हणजे पाणी. तळ्यातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचा चर, एवढाच त्याचा साधा अर्थ, संडासाचा काही संबंध नाही. इंग्लंडात १५३१ साली स्टॅट्यूट ऑफ सीवर्स नावाचा कायदा झाला तो सगळा पूर, बंधारे आणि शेतात साठणारं पाणी ह्याबद्दल होता. लंडनमध्ये तर कित्येक वर्षं सीवर म्हणजे पावसाच्या पाण्याचं गटार, घरातला मैला त्यात सोडायला बंदी होती, तो घराखालच्या खड्ड्यात साठायचा आणि रात्री माणसं येऊन उपसून न्यायची. रात्री न्यायचा म्हणून इंग्रजीत त्याला 'नाइट सॉइल' म्हणजे रात्रीची माती म्हणायचे, इंग्रज माणूस घाणीलासुद्धा टोपी घालून बाहेर काढतो. १८१५ नंतर घरातलं गटारात सोडायला परवानगी मिळाली, तेवढ्यात फ्लशचे संडास वाढत गेले, आणि पूर्वी खड्ड्यात पडून राहणारी वस्तू आता पाण्याबरोबर गटारातून वाहायला लागली. आता ह्या नव्या वाहत्या वस्तूला नाव हवं, आणि १८३० च्या दशकात सीवेज आणि सीवरेज हे दोन्ही शब्द छापील इंग्रजीत दिसायला लागतात. म्हणजे शब्द तसा कोवळा आहे, दोनशे वर्षांचासुद्धा नाही.

पुढचं बहुतेकांना माहिती असतं. ते सगळं थेट थेम्स नदीत, त्याच नदीचं पाणी प्यायला, कॉलऱ्याच्या साथी, १८५४ मध्ये जॉन स्नो ह्या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत साथीचा माग काढला, आणि १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याची ब्लीचिंग पावडर लावून बसायची वेळ आली. मग जोसेफ बॅझलगेट ह्या इंजिनिअरने शहराखालून मोठी सीवर बांधून सगळं पूर्वेला खाली नेऊन सोडलं. खासदारांच्या नाकाला झोंबलं तेव्हा पैसे मंजूर झाले, हे काकांचं आवडतं वाक्य आहे, ते कुठल्याही मीटिंगमध्ये बोलतात.

आणखी एक, हे सीवरचं जे स्पेलिंग आहे, एस ई डब्ल्यू ई आर, त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द म्हणजे शिवणारा. उच्चार वेगळा, तो सोअर आणि हा सूअर. मुलांना शिकवताना हा सूअर उच्चार केला की वर्गात काय होतं ते मी सांगायला नको.

बरं, घरातून बाहेर पडणारं सगळंच पाणी सीवेज नसतं, आणि इथे जुन्या इंजिनिअर लोकांचा एक शब्द आहे, सलेज. सलेज म्हणजे मोरीचं, स्वयंपाकघरातलं, कपडे धुतलेलं पाणी, ज्यात संडासाचं काही नाही. आजकाल ह्यालाच ग्रे वॉटर म्हणतात, पण आपल्याकडच्या जुन्या टेंडरांमध्ये सलेजच असायचं आणि काका अजून तेच म्हणतात. हा फरक बघायचा असेल तर तुमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला जा, डक्टमध्ये मान वर करून बघा, जुनी बिल्डिंग असेल तर बीडाचे आणि नवी असेल तर पीव्हीसीचे दोन पाइप शेजारी शेजारी खाली येताना दिसतील. जाडा, चार इंची, तो संडासाचा, त्याला सॉइल पाइप म्हणतात, पुन्हा तीच रात्रीची माती. बारीक तो बाथरूम आणि सिंकचा, त्याला वेस्ट पाइप. जाडा सरळ चेंबरमध्ये उतरतो. बारीक आधी एका छोट्या चौकोनी खड्ड्यात पडतो ज्यावर जाळी असते, तो गली ट्रॅप, आणि तिथून मग चेंबरला. त्या ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी अडून राहतं, ते पाणी म्हणजेच बूच, त्याने चेंबरचा वास आणि झुरळं वर चढत नाहीत.

असंच बूच तुमच्या बाथरूमच्या जाळीखाली पण असतं आणि त्याचं नाव ऐकून मला तर भरून आलं, नहाणी ट्रॅप. भारतातल्या इंग्रजी टेंडरात, दरसूचीत सगळीकडे नहाणी ट्रॅप असंच लिहितात, आपली नहाणीघरातली नहाणी. एवढ्या सगळ्या इंग्रजीत आपला एक शब्द घुसून बसलाय आणि तो कुणाला हलवता आला नाही. (जाता जाता, घर दोन तीन महिने बंद ठेवून आलात आणि बाथरूमला गटाराचा वास मारत असेल तर प्लंबर बोलवायच्या आधी जाळीत दोन तांबे पाणी ओता, बूच वाळलेलं असतं, बाकी काही नाही.)

इथे मला खरी चुटपूट लागली ती अशी की हे सगळे फरक मराठीत आधीच होते. सांडपाणी म्हणजे काय, तर सांडलेलं पाणी, भांडी घासून, अंघोळ करून सांडलेलं, म्हणजे चोख सलेज. मैलापाणी म्हणजे ज्यात मैला आहे ते, म्हणजे सीवेज. मलनिःसारण म्हणजे ते बाहेर नेणारी व्यवस्था, म्हणजे सीवरेज. गाळ म्हणजे स्लज. पर्जन्यजलवाहिनी म्हणजे पावसाच्या पाण्याची लाइन, ज्यात मैल्याचा थेंब जायला नको. महापालिकेच्या पाट्यांवर हे शब्द अजून आहेत, पुण्यात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, मुंबईत मलजल प्रक्रिया केंद्र, पण बोलताना आपण ह्या सगळ्याला एकच शब्द लावतो, ड्रेनेज. ड्रेनेज तुंबलं, ड्रेनेजचा वास येतो, ड्रेनेजचं पाणी, ड्रेनेजवाला आला, ड्रेनेजचं टेंडर, रस्त्यात ड्रेनेजचं झाकण उघडं. पाइप पण ड्रेनेज, माल पण ड्रेनेज, माणूस पण ड्रेनेज. आणि पेपरवाले काय करतात तर उलट सगळ्याला सांडपाणी म्हणतात, 'नदीत रोज इतके लाख लिटर सांडपाणी', वाचणाऱ्याला वाटतं भांडी घासलेलं पाणी असेल. मैला म्हणायला लाज वाटते ना. इंग्रज रात्रीची माती म्हणतो आणि आपण सांडपाणी, नाक दोघांचंही मुरडलेलंच.

त्यात घाण ह्या शब्दाची वेगळीच मजा, मुळात तो घ्राण म्हणजे वास घेण्याशी नातं सांगणारा, म्हणून तर आपण 'घाण येते' म्हणतो तेव्हा वास येतो असं म्हणायचं असतं आणि 'घाण पडलीय' म्हणतो तेव्हा वस्तू. इंग्रजीत ह्याला दोन वेगळे शब्द लागतात.

आणि एक शब्द मात्र असा आहे की त्याची सर इंग्रजीला नाही, सोनखत. मैल्यापासून नीट कुजवून केलेलं खत. नाइट सॉइलमध्ये नुसतं लपवणं आहे, सोनखतात किंमत आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात ह्याच गोष्टीवर आयुष्य घातलं, संडास कसा असावा, मैल्याचं खत कसं करावं, आणि नुसतं लिहून नाही तर स्वतः हाताने करून. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांनी सफाईचं काम मला करू द्या म्हणून मागणी केली, ती नाकारली म्हणून अन्न सोडलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास धरला. देहूला डॉक्टर मापुसकरांनी पुढे मैल्यावर चालणारे बायोगॅसचे संडास उभे केले, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कोकणातला ब्राह्मण आणि देहूचा डॉक्टर, दोघांनी ज्या वस्तूचं नाव घ्यायला आपण कचरतो तिच्यात हात घातला.

आता सेफ्टी टँक. हो, सेफ्टी टँकच म्हणतात सगळे, गवंडी पण, ठेकेदार पण, आणि आमचे सासरे पण. मूळ शब्द सेप्टिक, म्हणजे सडवणारा. जिथे सीवर लाइनच नाही तिथे घराच्या मागे टाकी, तीत मैला सडतो, जड ते खाली बसतं, वरचं पाणी शोषखड्ड्यात जिरतं. दोन तीन वर्षांनी टाकी उपसायला लागते, आणि ह्या उपसलेल्या मालाला सीवेज म्हणत नाहीत, सेप्टेज म्हणतात, कारण तो रोजच्या मैलापाण्यापेक्षा कितीतरी घट्ट असतो आणि त्याच्यावर वेगळी प्रक्रिया लागते. लहान गावांत अजून बराचसा कारभार ह्याच टाक्यांवर आहे, त्यामुळे एसटीपीच्या अलीकडे एफ लावलेलं एफएसटीपी असं काही दिसलं तर ते ह्या गाळासाठी, टायपिंगची चूक समजू नका.

स्लज मला सगळ्यात उशिरा कळलं आणि ते सुद्धा पुस्तकातून नाही. प्लँट सुरू झाल्यावर ऑपरेटर म्हणून एक तेवीस चोवीस वर्षांचा पोरगा आला, त्याने पहिल्याच आठवड्यात मला बेसमेंटमध्ये बोलावलं. टाकीत खालून हवेचे बुडबुडे येत होते आणि पाणी चॉकलेटच्या रंगाचं. मी नाक धरणार तर म्हणाला, "सर घ्या वास, पहिल्या पावसात माती भिजल्यासारखा येतो बघा, असा आला म्हणजे प्लँट बरा आहे, काळं पडलं आणि अंड्यासारखा वास आला की समजायचं हवा कमी पडली." खरंच मातीसारखा वास होता. मग त्याने एक लिटरची काचेची मोजनळी त्या पाण्याने भरली, तिथल्या पत्र्याच्या टेबलावर ठेवली आणि मोबाइलवर तीस मिनिटं लावली. आम्ही तिथेच खुर्च्या टाकून बसलो. पाच मिनिटात वरच्या टोकाला एक बारीक स्वच्छ पट्टी दिसायला लागली, मग तपकिरी रंग हळूहळू खाली सरकत गेला, दह्यावर पाणी सुटतं तसं, आणि तीस मिनिटं झाली तेव्हा खाली साधारण तीनशेच्या खुणेपर्यंत तपकिरी मऊ थर आणि त्याच्या वर सगळं नितळ पाणी. म्हणाला, खालचं ते स्लज, वरचं ते बाहेर जाणारं. बाहेर जाणाऱ्याला एफ्लुअंट म्हणतात, म्हणजे नुसतं बाहेर वाहणारं, ते घाण असलं तरी एफ्लुअंट आणि शुद्ध केलेलं असलं तरी एफ्लुअंट, म्हणून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या प्लँटला ईटीपी, ई म्हणजे एफ्लुअंट, आणि आपल्याला एसटीपी, एस म्हणजे सीवेज.

आणि तो तपकिरी थर म्हणजे नुसता गाळ नाही, तो जिवंत आहे, त्यात कोट्यवधी जिवाणू आहेत जे मैल्यातलं खाण्यासारखं सगळं खातात, त्यांना श्वास घ्यायला हवा लागते म्हणून ते बुडबुडे, आणि खाऊन जड झाले की खाली बसतात. त्यातले थोडे परत टाकीत सोडायचे, विरजणासारखे. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट ह्या दोघांनी मांडली, आणि त्यांचे गुरू गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये येऊन शिकवत होते. रिपोर्टमध्ये जो बीओडी नावाचा आकडा असतो तो ह्याच जिवाणूंच्या भुकेचा आहे, पाण्यातली घाण खाऊन टाकायला त्यांना किती ऑक्सिजन लागेल तो. कच्च्या मैलापाण्याचा दोनशे तीनशेच्या घरात असतो, आमच्या लॅबचा रिपोर्ट ८ आला तेव्हा तो पोरगा पेढे घेऊन आला होता, मी शपथेवर सांगतो.

नागपूरने तर ह्यात शहाणपणा केलाय, शहराचं मैलापाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देतात. मुंबईत वरळी आणि वांद्र्याला समुद्रात साधारण साडेतीन किलोमीटर आत बोगदा नेऊन सोडतात, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी बोललो तर लेख संपायचा नाही.

इंग्रजीत वापरताना दोन गोष्टी. एक म्हणजे सीवेजचं अनेकवचन करू नका, पाण्यासारखंच आहे ते, एक सीवेज दोन सीवेज होत नाही. दुसरं, सीवेज वॉटर असं आपल्याकडे फार लिहितात, सीवेज म्हणजेच पाणी आहे हो, हे आपलं पिवळा पीतांबर झालं. रॉ सीवेज म्हणजे कच्चं, काहीच न केलेलं. आणि फिल्थ, मक वगैरे शब्द वेगळे, फिल्थ म्हणजे कुठलीही किळसवाणी घाण, शिवीगाळीलासुद्धा म्हणतात, मक म्हणजे चिखल शेण असलं काहीतरी. टेंडरमध्ये ते चालत नाहीत.

एक शब्द आता मुद्दाम बदलतायत तो म्हणजे मॅनहोल. मॅन म्हणजे माणूस, त्यात माणूस उतरतो म्हणून मॅनहोल. २०२३ च्या बजेटच्या भाषणात मॅनहोलकडून मशीनहोलकडे जायचं असं सांगितलं गेलं. शब्द बदलून भोक बदलत नाही हे खरं, पण कारण ऐका. आत साठलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं हवा सुटली, बरं झालं, आणि दोन मिनिटांत तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो तो पण पडतो. बातम्यांमध्ये बघा, पुष्कळदा एकटा माणूस मेलेला नसतो, दोन तीन असतात. २०१३ च्या कायद्याने सेफ्टीची साधनं न देता कुणाला सीवरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे, सोसायटीने उतरवलं तर सोसायटी जबाबदार. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंना दहा लाख भरपाई सांगितली, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तीच तीस लाख केली.

हे सगळं मला माहीत होतं तरी आमच्याकडे काय झालं, तर पावसाळ्याच्या तोंडावर गेटजवळचं चेंबर तुंबलं, रविवार, वॉचमनने कुणाला तरी फोन केला आणि मी खाली येईपर्यंत दोन पोरं दोर आणि बादली घेऊन झाकण काढून उभी, एकाने शर्ट काढून ठेवलेला. रजिस्टरमध्ये वॉचमनने कामाचं काय लिहिलं होतं, 'ड्रेनेज क्लीनिंग'. त्यांना चहा पाजून, येण्याजाण्याचे पैसे देऊन परत पाठवलं, ती पोरं जरा नाराजच झाली, त्यांचा दिवस बुडाला. मग एका सक्शन टँकरवाल्याचा नंबर मिळाला. मी फोनवर सांगायला लागलो की आमच्या सोसायटीत सीवरेजचा ब्लॉकेज झालाय आणि. त्याने मध्येच तोडलं.

"साहेब, सेफ्टी टँक आहे का चेंबर? आणि चेंबरमध्ये मैला आहे का नुसता गाळ?"

मी म्हटलं बघून सांगतो.

"बघा. गाळ असला तर जोराचं पाणी मारणारी जेटिंगची गाडी आणतो, मैला असला तर नुसती सक्शन. भाव वेगळा आहे."

मी काठी घेऊन चेंबरपाशी गेलो, खाली खरवडून बघितलं, गाळ होता, बाजूला बांधकाम चालू होतं त्याची सगळी वाळू आणि सिमेंट पावसाने आत गेलेलं. त्याला तसं सांगितलं. साडेअकराला जेटिंगची गाडी आली आणि पाऊण तासात पाइप मोकळा झाला. बिलावर त्याने लिहिलं, 'चेंबर गाळ काढणे, १ नग'.

आमच्या खजिनदाराने ते व्हाउचरला ड्रेनेज खर्च म्हणून टाकलं.